कापणीच्या टेबलावरचं लेकरू

मी तातेराव. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा हर्रास पुकारण्यात माझी हयात गेली. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, हर्रास म्हणजे लिलाव, शहरातल्या लोकायसाठी सांगून ठेवतो. माझा गळा मोठा, म्हणून आमच्या डोंगरकड्याच्या ख्रिस्ती मंडळीनं कापणीच्या उपासनेतला हर्रासबी माझ्याच गळ्यात मारला. फुकटात, अर्थात. देवाच्या कामाला मजुरी मागितली तर पाळकसाहेब असं बघतात, की पुन्हा मागायची सोय न्हाई.

चौऱ्याहत्तर सालच्या कापणीला काय झालं, ते लोक आपापल्या मनानं सांगून राहिलेत. कोणी चांगुणाला नावं ठेवतं, कोणी तिच्या सासूला. जे त्या दिवशी हजर नव्हते, तेच जास्ती बोलतात. मी टेबलापाशी उभा होतो. म्हणून नीट ऐकून घ्या.

चांगुणा आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात नर्स होती. अंगानं काटकुळी, बोलणं कमी, पण अडलेल्या बाळंतिणीपाशी बसली की बाई मोकळी झाल्याशिवाय उठायची न्हाई. नवरा नरसिंग, शाळेत मास्तर. पेटी झकास वाजवायचा, गळाबी गोड, पण डोकं कायम ढगात. बाप लवकर गेलेला. त्याची आई लक्ष्मीबाई, तिनं दोन एकर वावर एकटीनं कसून हे एकुलतं एक लेकरू वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं. म्हातारी तोंडाची फटकळ. मला सगळा मोंढा भितो, मी लक्ष्मीबाईला भितो.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुण्याच्या एका संस्थेचे साहेब आमच्याकडं आले. साहेब म्हणजे आपल्यातलेच, काळे, धोतरातल्या बापाचे, पण बूट घालणारे. त्यायनं सांगितलं, की समुद्रापार मॉरिशस नावाचं बेट हाय. तिथं उसाच्या मळ्यात आपली माणसं पणजोबाच्या काळात कामाला गेली, अजून घरात मराठी बोलतात. त्यायला देवाचं वचन सांगणारा माणूस पाहिजे, आणि एक नर्स पाहिजे. "आजवर गोरे आपल्याकडं आले. आता आपण कोणाकडं जाणार की न्हाई?" असं त्यायनं विचारलं, आणि मागच्या सतरंजीवरून नरसिंग उभा राहिला. त्याच्यामागं चांगुणा.

मला वाटलं, नवरा निघाला म्हणून ही फरफटत निघाली. मी तिला गाठून विचारलंच, "काहून गं, तुझं काय अडलंय तिकडं?"

"मला बोलावणं आलंय, दादा," ती म्हणली. "नवऱ्याचं न्हाई. माझं मला आलंय. ह्यांच्या आधी आलंय."

"मला कसं येत न्हाई मग कधी बोलावणं?"

"तुमी दिवसभर ओरडून राहिले मोंढ्यात. तुमाला ऐकू कसं येईल?"

घ्या! गरीब दिसणारी बाई, पण टोला हाणला बघा. त्या दिवसापासून मला कळलं, की जायचं वेड त्याच्यापेक्षा हिलाच जास्ती हाय.

संस्थेची अट अशी, की बोटीचं भाडं आणि तिथला पहिल्या दोन वर्षांचा खर्च आपल्याच भागातल्या मंडळ्यांनी उचलायचा. मंडळीनं पाठवलं तरच ते पाठवणं. दोघायनं नोकऱ्या सोडल्या. तेव्हा माझं डोकं सणकलं होतं, सरकारी नोकरी कोणी सोडतं का! मग एका सायकलीवर पेटी बांधून दोघं गावोगाव निघाले. हा गायचा, ती उभी राहून देवानं आपल्याला कसं बोलावलं त्याची साक्ष द्यायची. दुष्काळी कामावर खडी फोडून, रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन नुकतीच उठलेली माणसं. त्यायच्यापाशी काय असणार? पण दिलं. कोणी अंडी दिली, कोणी कोंबडी, कोणी हळदीची पिशवी. ते सगळं माझ्याकडं यायचं, मी मोंढ्यात विकून द्यायचो. अडत्ये मला चिडवायचे, "काय तातेराव, आज देवाच्या कोंबड्या काय भाव?" शेवटी दोघायनं सायकल विकली, भांडी विकली, पेटीसुद्धा विकली.

तरी कमी पडलं. साहेबांनी हिशेब करून सांगितलं, की नवराबायकोचं कसंबसं निघतं. लेकराचं निघत न्हाई.

हां, लेकरू. चिमी. ऐन दुष्काळात झालेली पोरगी, नुकती घरभर पळू लागलेली. साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, की लेकरू तूर्त आजीपाशी राहू द्या, दोनतीन वर्षांनी बघू. बूट घालून असं मऊ बोललेलं मला अजाबात आवडत न्हाई.

नरसिंग हो म्हणला. देवाच्या कामात सोडावं लागतं, म्हणला. चांगुणा न्हाई म्हणली. पोरगी आली तर मी येते, न्हाईतर मी येत न्हाई, आणि मला तर जायचंय. असं तिचं सगळं एकात एक गुंतलेलं. आणि लक्ष्मीबाई? ती म्हणली, "माझा लेक नेऊन राहिले, निदान पोरगी तरी ठेवा. मी वावर विकून पैसे देते. जा तुमी. पण पोरगी माझी."

वावराच्या पैशात पोरीचं भाडंबी आरामात निघत होतं. पण पोरगी ठेवली तरच वावर, ही म्हातारीची अट. घरात रोज तेच. नरसिंग आईकडून, चांगुणा एकटी. कापणीच्या आदल्या दिवशी लक्ष्मीबाई मला वाटेत भेटली आणि म्हणली, "घरात ती न्हाई म्हणते. उद्या मंडळीपुढं म्हणून दाखवू दे." ती काय करणार, ते मला तिथंच कळलं.

कारण आमच्या मंडळीत एक रीत हाय, ती दुसरीकडं मी पाहिली न्हाई. कापणीच्या उपासनेला सगळे आपलं पीक आणून पुढच्या टेबलावर ठेवतात. कणसं, भोपळे, हळद, तूर. तसं ज्या घरात लेकरू झालं असेल, त्यायनं ते लेकरूबी टेबलावर ठेवायचं. तेबी देवानं दिलेलं पीकच. मग मी त्याचा हर्रास पुकारायचा. लोक गंमत करतात. कोणी "दोन कोंबड्या!" म्हणतं, कोणी "एक भोपळा!" शेवटी मामा न्हाईतर काका ज्वारी बोलून लेकरू सोडवतो. ज्यानं सोडवलं, त्यानं ते उचलायचं, सगळ्यायपुढून फिरवायचं, आणि आईच्या ओटीत घालायचं. आणि बोलला असेल ते देवाच्या कामाला द्यायचं. बोललेला शब्द मागं घ्यायचा न्हाई. मोंढ्यात घेत न्हाईत, देवळात कुठून घेणार?

दुष्काळात कापणीच नव्हती, मग उपासना कशाची? म्हणून त्या वर्षी मागची सगळी लेकरं एकदमच टेबलावर आली. चांगली चालती-बोलती! एकानं देवाची काकडी खाऊन टाकली. एक खाली उतरून दाराकडं पळालं. लोक हसून हसून लोळत होते. मीबी हसत होतो, पण माझं लक्ष लक्ष्मीबाईकडं. ती खांबाला टेकून बसलेली, पदर घट्ट ओढलेला.

चिमीची पाळी आली. चांगुणानं तिला आणून कणसांमध्ये बसवलं. चांगुणाला भाऊ न्हाई. म्हणून मंडळीचा कारभारी संतराम ह्यानंच सुरवात केली, "पायलीभर ज्वारी!"

"माझी म्हैस," लक्ष्मीबाई बसल्या जागेवरून म्हणली.

लोक हसले. आजीची माया, आणखी काय! संतराम गमतीनं म्हणला, "पोतंभर ज्वारी!"

लक्ष्मीबाई उठून उभी राहिली. "म्हैस आणि दोन एकर वावर."

हसू जागच्या जागी मेलं. वावर? आख्खं? पाळकसाहेब घाईघाईनं उठले, "लक्ष्मीबाई, ही तर नुसती रीत आहे..."

"रीत हाय म्हणूनच बोलले. माझा शब्द देवापुढं झाला. पण एक ऐकून ठेवा. पोरगी मी सोडवली तर तिच्या आईच्या ओटीत घालणार न्हाई. माझ्या घरी नेणार. वावर विकून ह्या दोघायनं खुशाल जावं. तात्या, पुकार!"

मी पाळकसाहेबांकडं पाहिलं, त्यायनं खाली पाहिलं. पुण्याचे साहेब पुढच्या खुर्चीत, आणि त्यायचा चेहरा, खोटं कशाला बोलू, जरा उजळला होता. असा राग आला मला! नरसिंग तर मान घालून बसला होता. बोली लागली की पुकारणाऱ्याला पुकारावं लागतं.

"म्हैस आणि दोन एकर वावर. एक वार."

चांगुणा टेबलापाशीच उभी होती. तिच्यापाशी काय होतं बोलायला? अंगावरचं लुगडं. गळ्यात सोन्याचा एक मणीसुद्धा उरला नव्हता. तिची मान वर झाली.

"दादा, मी बोलू का?"

"बोल की!" मी म्हणलो. माझा जीव नुसता टांगणीला.

"माझं जाणं," ती म्हणली.

"म्हणजे?"

"माझं जाणं देते. मी मॉरिशसला जात न्हाई. कधीच जाणार न्हाई. ही माझी बोली. माझी पोरगी मला द्या." आणि ती रडायला लागली. तिला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. सायकल विकली तेव्हा रडली न्हाई, नोकरी सोडली तेव्हा रडली न्हाई.

नरसिंग ताडकन उभा राहिला, "चांगुणा!" म्हणला, आणि तसाच खाली बसला. साहेबांचा चेहरा पडला. बरं झालं.

आता सांगा, मी काय करू? हळद मी हातात घेऊन मोडून भाव सांगतो. पण एकीकडं म्हातारीची सगळी इस्टेट, दुसरीकडं हिचं बोलावणं. ह्यातलं जड कोणतं, ते मी कोण सांगणार? पण त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी चांगुणाची बोली धरली.

आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं. लक्ष्मीबाईनं आता फक्त गप बसायचं होतं. बस! सून जाणार न्हाई म्हणजे लेकबी जाणार न्हाई. पोरगी घरात. म्हैस गोठ्यात, वावर जागच्या जागी. तोंड न उघडता म्हातारीला सगळं मिळत होतं.

"चांगुणाचं जाणं. एक वार."

लक्ष्मीबाई सुनेकडं बघून राहिली होती.

"दोन वार."

चिमी कणसाचे दाणे काढून खाली टाकून राहिली होती. तेवढाच आवाज. मी थांबलो. मोंढ्यात एवढा थांबलो असतो तर मला हाकलून दिलं असतं.

"मला वाटलं, हिला नुसतं देवाचं वेड हाय," लक्ष्मीबाई हळूच म्हणली, कोणाला म्हणली देव जाणे. "ही तर माझ्यावानीच निघाली. मीबी लेकापायी असंच सगळं देऊन बसले असते."

मग तिनं नाक पुसलं, आणि मोठ्यानं म्हणली, "म्हैस. वावर. आणि दोघायच्या डोक्यावर माझा हात. पुकार, तात्या."

"आणि ती अट?"

"कसली अट? रीत काय हाय ती तुला शिकवू का आता?"

मी पुढं कोणी बोलतं का बघितलं. चांगुणा तोंड उघडायला गेली, तशी म्हातारी तिच्यावर खेकसली, "गप बस! पुन्हा बोलशील तर बघ!" मी तीन वार म्हणलो आणि टेबलावर हात मारला.

चांगुणाची बोली हरली. तिचं जाणं तिच्यापाशीच राहिलं.

लक्ष्मीबाईनं चिमीला उचललं. रीतीप्रमाणं सगळ्यायपुढून फिरवलं, अगदी हळू, एकेका माणसापाशी थांबत. पोरगी खुशीत, आजीच्या गळ्यात हात टाकून. चांगुणा पदर पसरून उभी होती. तिच्यापाशी आल्यावर पोरगी काही सोडेना. गळ्याला अशी घट्ट बिलगली, की नरसिंग पुढं झाला. म्हातारीनं त्याला नजरेनंच मागं सारलं. तिनं स्वतः त्या लेकराचे हात सोडवले, आणि लेकरू आईच्या ओटीत घातलं. मग एक हात लेकाच्या डोक्यावर ठेवला, एक सुनेच्या.

चांगुणानं तिचा हात धरून ठेवला. "आई, तुमीबी चला. आपण सगळे जाऊ."

"मला कोण सोडवील गं? माझी बोली लावणारा कवाच गेला," लक्ष्मीबाई हसून म्हणली.

कोणी हसलं न्हाई. ती आपल्या खांबापाशी जाऊन बसली, आणि मी तिच्याकडं बघत उभ्याउभ्या लेकरावानी रडलो.