आईच्या डोळ्यांची आखणी

जुनी चित्रं साफ करून टिकवणं हे माझं काम. दुसऱ्यांची चित्रं वाचवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि काळाचौकीला आमच्याच चाळीच्या भिंतीवरचं चित्र मात्र हातचं गेलं.

काही वर्षांपूर्वी एका तरुण चित्रकाराने त्या भिंतीवर गिरणीतल्या बायका रंगवल्या. त्यातली मधली माझी आई. तिला जिन्याखाली उभं करून त्याने स्केच काढलं, तेव्हा वर गॅसवर दूध होतं. त्यामुळे चित्रातली आई तिरक्या नजरेने जिन्याकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, 'आटप रे लवकर' म्हणत असल्यासारखी. हुबेहूब. फोटोंत ती कायम ताठ, कॅमेऱ्याला घाबरलेली. ती गेल्यावर तिचा तो वैताग फक्त भिंतीवर उरला.

उन्हाने रंग विटले होते, मान्य. मंडळाच्या काकांना मी बजावलं होतं, "हात लावू नका, गणपती झाले की मी स्वतः करते."

"तू बिनधास्त राहा," ते म्हणाले. आमच्याकडे गणपतीच्या आधी दिसेल त्याला रंग लागतो, जिना, पाण्याची टाकी, कचऱ्याचा डबासुद्धा. बाप्पा येणार आणि भिंत विटकी राहणार, हे कुणाला सहन होणार?

आगमनाच्या आदल्या आठवड्यात गेले तर भिंत ऑइलपेंटने चकाकत होती. साड्या भडक, ओठ लाल. कपाळ गुळगुळीत. आणि आईचे डोळे थेट समोर, मोठे, टपोरे, कडेला काजळाची रेघ.

"मूर्तीच्या कारखान्यातला खास माणूस आणला," काका खुशीत म्हणाले. "त्याच्यासारखी डोळ्यांची आखणी अख्ख्या लालबागमध्ये कोण करत नाय. तुझी आई म्हणून हां. बाकीच्यांना आम्हीच रंग मारला."

आता भांडायचं तरी कुणाशी? रागाने माझे कान तापले होते आणि हातात त्यांनीच दिलेला चहा होता.

विसर्जनानंतर रंग उतरवायच्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आईच्या पदराच्या कडेला फिरवून पाहिला. ऑइलपेंटबरोबर खालचा मूळ निळा रंगही बोळ्यावर आला. वरचं काढायचं तर खालचं जाणार. म्हणजे डोळ्यांना हात लावायचाच नाही.

मागे शेजारची काकी उभी होती. भिंतीखाली जास्वंदीचं फूल होतं, ते तिनेच वाहिलेलं. "आता कशी देवीसारखी दिसता बघ," ती म्हणाली.

माझी आई देवी नव्हती. दूध उतू जाईल म्हणून वैतागलेली बाई होती. मला ती तशीच हवी होती. ती अजून तिथेच आहे, त्या टपोऱ्या डोळ्यांखाली, आणि इतकी वर्षं हेच काम करूनही मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही.