गोळ्यांशिवायचे दिवस

लग्न होऊन दोंडाईच्याला आले तेव्हा मी तरणीताठी, पण सांधे म्हातारीचे. सकाळी बोटं सुजलेली असायची, मूठ वळायची नाही. संधिवाताची गोळी घेतली की थोड्या वेळाने हात हलायला लागायचे. हे सगळं सांगूनच लग्न जमलं होतं. ह्यांचं स्टेशनकडच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान. "हात दुखले तर मी आहे ना," असं हे तेव्हा म्हणाले होते. मला वाटलं, सगळेच नवरदेव असं बोलतात.

माझी पाळी नेहमीच मागेपुढे व्हायची, त्यामुळे दिवस गेलेत हे उशिरा कळलं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई तपासून हसल्या, "पेढे आणा." मग मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"या रोज घेताय?"

"हो. लग्नाआधीपासून."

"सूज उतरवणाऱ्या अशा गोळ्यांनी पोटातल्या बाळात कधीकधी दोष राहू शकतो. बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात, घाबरू नका. पण आजपासून या बंद. फारच दुखलं तर मला विचारा, दुसरं काही देईन."

परतताना एसटीत मी पदर डोळ्यांना लावून बसले होते. वाटेतलं चिमठाणं गाव मागे पडलं तेव्हा हे म्हणाले, "उद्यापासून तुझी वेणी मी घालीन."

आणि घातली. ब्लाउजच्या बाह्या सफाईने बसवणारा माणूस, पण केसांपुढे त्याचं काही चालेना. सासूबाईंनी माझी पाठ वळवून पाहिली. "हाई येनी शे का दोर?" मी इतकी हसले की बोटांचं दुखणं क्षणभर विसरले. भाकऱ्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतल्या आणि रोज दुपारी तव्यावर वाळूची पुरचुंडी तापवून माझे हात शेकायला बसल्या. ह्यांचा हातही हळूहळू बसला. दुकानातल्या उरलेल्या कापडाच्या रिबिनी वेणीत येऊ लागल्या, तशा शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

पुढे एक नवलच झालं. पोट दिसू लागलं आणि सूज ओसरत गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात काहींना असा आराम पडतो. बाळंतपणानंतर दुखणं परत येईल. तोवर मजा करा." मी केली. त्या उन्हाळ्यात कुरडयांचा सोऱ्या मीच फिरवला.

मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. पण तिच्या छातीत वेगळा आवाज येतो म्हणून आम्हाला जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हृदयात बारीकसं छिद्र होतं.

"माझ्या गोळ्यांमुळे?" मी विचारलं.

"असेल, नसेलही. कधी गोळी न घेतलेल्या बाईच्या बाळालाही हे होतं. कारण शोधत बसू नका. छिद्र लहान आहे, अशी बरीच आपोआप बुजतात. वजन वाढतंय का बघा, तपासायला आणत जा."

"बठ्ठं बराबर व्हई," सासूबाईंनी धीर दिला आणि त्या नातीच्या मालिशीला लागल्या. हे तिला शेजारच्या धान्याच्या दुकानात नेऊन तराजूत बसवायचे. पारडं खाली गेलं की सगळी गल्ली खूश. मी मात्र तिचे ओठ निळसर दिसतात का, ते दिवसातून कितीदा तरी पाहायचे. माझं दुखणं ठरल्याप्रमाणे परत आलं, आणि ह्यांच्याकडे वेण्या घालायला दोन डोकी झाली.

ती शाळेत जाऊ लागली त्या वर्षी जळगावच्या डॉक्टरांनी तिची छाती सावकाश ऐकली, यंत्रावर पाहिलं आणि म्हणाले, "बुजलं." ह्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळे पुसायचे सोडून चष्माच पुसत बसले.

"मला पण ऐकायचंय," पोरगी म्हणाली. डॉक्टरांनी नळ्या तिच्या कानाला लावल्या. स्वतःचं हृदय ऐकून झाल्यावर तिने वडिलांचं ऐकलं, मग माझं. तेवढ्याने भागेना. दारात नातवाला घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला तिने खुर्चीत बसवलं, त्याच्या सदऱ्यावर चकती टेकवली आणि डोळे मोठे करून ओरडली,

"आबा, तुमचं पण चालू आहे!"