उत्तर न आलेलं विमान

यांच्या हातून एक माणूस मेला की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काल यांचं तेरावं झालं.

मांडवीत सगळे यांना नाना म्हणायचे. रेडिओ, मिक्सर, टीव्ही, जे बंद पडेल ते दुरुस्त करून देणारे नाना. त्याआधी हे फायटर विमानांवर टेक्निशियन होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. स्वतःहून कधी बोलले नाहीत.

मी जुनी मॅट्रिक. यांनी जसं समजावलं तसंच लिहिते.

रडारवर समोरचं विमान दिसतं, पण ओळखू येत नाही.
नुसता ठिपका. त्याला ना रंग, ना झेंडा.

म्हणून त्या ठिपक्याला रेडिओवरून एक प्रश्न पाठवतात. विमान आपलं असेल तर त्यात बसवलेला एक डबा आपोआप ठरलेलं उत्तर देतो. त्या उत्तराला कोड म्हणतात. तो रोज बदलतो.

सकाळी उड्डाणाआधी डब्यात त्या दिवसाचा कोड भरायचा, हे यांचं काम.

लढाईच्या दिवसांत एक विमान मोहिमेवरून परत येत होतं. आत देशमुख नावाचे पायलट. हवेत धुरळा होता. आपल्याच दुसऱ्या विमानाच्या रडारवर ठिपका आला.

प्रश्न गेला. उत्तर नाही.
परत विचारलं. नाही.

मग त्या दुसऱ्या विमानाच्या पायलटने क्षेपणास्त्र सोडलं.

देशमुखसाहेबांचं विमान वाळूत पडून जळालं. डबा सापडला नाही. चौकशी झाली, कारण समजलं नाही असं लिहिलं गेलं. यांच्यावर ठपका आला नाही.

"आला असता तर निदान कळलं तरी असतं," हे मला एकदाच म्हणाले.

तेव्हापासून पितृपक्षात आमच्या घरी म्हाळाला एक पान जास्त वाढायचं, हे यांनी ठरवलं. गुरुजींनी नाव विचारलं, ते सांगितलं. गोत्र विचारलं.

"ते नाही माहीत."

"मग काश्यप म्हणू," गुरुजी म्हणाले. "माहीत नसलं की काश्यप."

हे पेन्शनीत आल्यावर एका दुपारी एस्टीने एक बाई आल्या. अंगावर साधी सुती साडी, हातात पिशवी. देशमुखसाहेबांच्या पत्नी, मालतीताई. पत्ता शोधत शोधत पार साताऱ्याहून आल्या होत्या.

पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "भाऊ, एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्ही कोड भरला होता का?"

हे सांगायला लागले. उत्तर न येण्याची कारणं पुष्कळ असतात. डबा बिघडतो. स्विच बंद राहतो. विमान वळताना एरियल पंखाआड जातं. उत्तर आलं तर विमान आपलं. नाही आलं तर ते शत्रूचं ठरत नाही, फक्त ओळख पटलेली नसते.

"माझे वडील तिसाच्या दशकात इथे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. धुक्यात गलबत दिसलं की ते किनाऱ्यावरून हाक मारायचे, कुठचं गलबत? वारा उलटा असला की तिकडचं उत्तर इकडे पोचायचंच नाही. मग होडी घालून जवळ जायचे, डोळ्यांनी बघायचे. विमानाला तेवढी सवड..."

सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "अरे, ती एवढ्या लांबून काय तुझ्या शाळेत आलीय? विचारलंय त्याचं सांग."



मग हे म्हणाले, "भरला होता, असं आठवतंय. पण वहिनी, मी रोजच भरायचो. डोळ्यांसमोर येतं ते त्या सकाळचं की आदल्या सकाळचं, ते मला सांगता येत नाही."



सासूबाईंना वाटलं, बाईला जरा धीर द्यावा. "आम्ही विसरलो नाही हो त्यांना. दर म्हाळाला त्यांचं पान वाढतो."

मालतीताईंचा चेहरा उतरला.

"चूक नव्हती तर पान कशाला?"

चुलीवर भात शिजत होता, सोलकढी काढून ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "बाय, जेवल्याशिवाय जायचं नाही हं." मालतीताईंनी पिशवी उचलली आणि निघाल्या. हे स्टँडपर्यंत त्यांच्या मागून चालत गेले. शेजारून नव्हे. मागून.

आमच्या दारातून उपाशी गेलेलं ते एकच माणूस.

त्यानंतरही पान वाढायचं यांनी थांबवलं नाही. मी म्हटलं, अहो, त्यांना आवडलं नाही ना? तर म्हणाले, "चूक म्हणून नाही वाढत गं. मला माहीत नाही म्हणून वाढतो."

मला रोजचा हिशेब जुळल्याशिवाय झोप येत नाही. हा माणूस इतकी वर्षं न जुळलेलं घेऊन झोपायचा प्रयत्न करत होता, आणि मी शेजारी जपाची माळ ओढत असायचे. दुसरं काय करणार होते?

हे गेले त्या दिवशी मी यांच्या वहीतला नंबर काढून मालतीताईंना फोन लावला. कळवणं माझं काम होतं. त्याही आता पुष्कळ थकल्यात.

नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे आता विचारायला कोणी उरलं नाही."

रागाने नाही. अगदी सरळ.

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला.

देवावर माझा विश्वास आहे, म्हणून एवढं लिहिते.

अहो, तिकडे साहेब भेटतील. त्या सकाळी कोड होता का, हे त्यांनाच विचारा.
जे असेल ते ऐकून घ्या.

आणि कळलं की मला सांगायला येऊ नका. मालतीताईंच्या स्वप्नात जा.

नमस्कार करते. या आता.