लांबचं जवळ आणणारा कॅमेरा

मुलीला कॅमेरा घ्यायचा होता, आणि तो कुठला यावर आमच्या घरात पंधरा दिवस बोलणं चाललं होतं. बोलत होती ती. मी भीत होते.

ती इथेच, ग्वाल्हेरला, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला चंबळेवरचे पाणचिरे मिळाले होते. हा पक्षी मी तोवर पाहिला नव्हता. काळी पाठ, पांढरं पोट, नारिंगी चोच, आणि त्या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पाण्यावरून उडताना तो खालची चोच पाण्यात बुडवून रेघ ओढत जातो. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की मधे वाळूची बेटं उघडी पडतात, त्या उघड्या वाळूत हे पक्षी अंडी घालतात. काही पाणचिऱ्यांच्या पायांत पूर्वी कुणी कुणी नंबराची कडी अडकवलेली होती. कुठला पक्षी परत आला ते त्या नंबरावरून कळतं. तो नंबर फोटोतून वाचायचा, हे तिचं काम.

"म्हणजे पक्ष्याच्या पायापर्यंत जायचं?" मी विचारलं.

"पायापर्यंत नाही गं आई. पण नंबर पढ़ने लायक फोटो तो आना चाहिए ना."

ती अशीच बोलते. वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. शिंदे की छावणीत आमच्या चार पिढ्या गेल्या, माझंही बोलणं काही पुण्याचं राहिलेलं नाही, त्यामुळे मी टोकत नाही. पण त्या दिवशी तिने न उच्चारलेलाच एक शब्द मला ऐकू आला आणि तोच मनात बसला. जवळ.

आमच्या वयाच्या ग्वाल्हेरकरांना चंबळ म्हटलं की आधी नदी दिसत नाही, बीहड दिसतात, डाकू लपायचे त्या मातीच्या घळी. माझ्या लहानपणी त्या बाजूने येणारं घरचं माणूस अंधार पडेतो पोहोचलं नाही, तर वडील गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत. ते दिवस गेले, हे मला माहीत आहे. रस्ता चौपदरी झाला, पूल झाला. भीती मात्र तिथेच राहिली, फक्त तिच्यातली माणसं जाऊन मगरी आल्या. रात्री झोपण्याआधी मी फोनवर मगरींबद्दल वाचत बसायचे. घडियाल, म्हणजे लांब तोंडाची मासेखाऊ सुसर, माणसाच्या वाटेला जात नाही, मगर जाते, एवढं मी त्या पंधरा दिवसांत शिकले.

आमच्या आवाक्यात दोन कॅमेरे होते. तिला मिररलेस हवा होता. त्याची लेन्स काढून दुसरी लावता येते आणि पहाटेच्या अर्धवट उजेडातही फोटो स्वच्छ येतो. पण त्याच्यासोबत जी लेन्स आम्हाला परवडत होती, तिची पोच लांबवर नव्हती. दुसरा सुपरझूम, तळहाताहून थोडा मोठा. त्याची लेन्स बदलत नाही. कळ दाबली की तीच वीतभर पुढे येते आणि नदीपलीकडचं झाड खिडकीशी आणून ठेवते. माझं मत पहिल्या मिनिटाला ठरलं होतं. जो लांबून काढतो तो घ्यावा.

दौलतगंजात एक जुनं कॅमेऱ्याचं दुकान आहे. मालकांच्या मुलीला मी दहावीला गणित शिकवलं होतं, म्हणून ते मला अजून मैडमजी म्हणतात. त्यांनी दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. माझी मुलगी मिररलेस हातात घेऊन दाराबाहेरच्या रिक्षांवर रोखत होती, आणि मी दुसरा हातात घेऊन लांबची एक पाटी वाचत होते. पाटी इतकी जवळ आली की मी दचकले.

"मैडमजी, सच बताऊँ तो," मालक म्हणाले, "बिटिया वाले में तस्वीर अच्छी आएगी. आपके वाले में दूर की आएगी. इसका सेन्सर नाखून बराबर है, रोशनी कम हुई तो तस्वीर में दाने आ जाएँगे."

"पण नंबर दिसेल ना?"

"धूप में दिखेगा."

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, पक्षी सकाळीच हलतात. धूप चढली की ते अंड्यांवर बसून राहतात, पाय दिसतच नाहीत. मला थोडं पुढे जाऊनच काढावं लागेल. तू समजत का नाहीस?"

मला समजत होतं. म्हणूनच मी हातातला कॅमेरा सोडत नव्हते. यजमान भोपाळला नोकरीला; त्यांना फोन लावला तर म्हणाले, तिचं काम आहे, तिला ठरवू दे. मी म्हटलं, तिचं काम आहे पण मुलगी माझी आहे. ते हसले. मला हसू आलं नाही.

शेवटी दुकानदारांनीच मार्ग काढला. सुपरझूमचा दाखवायचा नग त्यांनी मला दोन दिवसांसाठी दिला, आणि मुलीने तिच्या एका सीनियरचा मिररलेस मागून आणला. रविवारी दोघींनी चंबळेवर जायचं, दोन्ही चालवून पाहायचे, मग ठरवायचं. मी सोबत येणार म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली, पण नाही म्हणाली नाही.

एप्रिल संपत आला होता. पहाटे निघालो, मुरैना मागे टाकलं, आणि घाटावर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. तिच्या सरांचं पत्र होतं. घरट्यांपासून लांब, वाळूच्या टोकाला उतरायची परवानगी त्यात होती. नावाडी पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. नाव निघाली तशी मी काठाला घट्ट धरून बसले. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळ दिसत होता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. तळ दिसतो तिथे आणखी काय दिसेल, या धास्तीने मी खाली पाहायचं टाळत होते.

बेट दिसलं. चाळीस-पन्नास पाणचिरे वाळूवर बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून. मुलीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती श्वास धरून बघत होती.

नावाड्याने तिला टोकाला उतरवलं आणि नाव मागे घेऊन शंभरेक मीटरवर उथळ पाण्यात लावली. ती वाळूवर पालथी पडली आणि कोपरांवर सरकत पुढे जाऊ लागली. पक्ष्यांपासून ती बरीच लांब होती. मी मनाशी पावलं मोजली, साठ तरी असतील. थोडी सरकली, थांबली. पुन्हा सरकली. आता पन्नास.

मी सुपरझूम डोळ्याला लावला. आधी पक्षी पाहिले. मग एका पक्ष्याच्या पायात खरंच कडं दिसलं, त्यावर काहीतरी अक्षरं, पण चित्र थरथरत होतं. मग मुलीला पाहावं म्हणून कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि झूम पुढे नेला. तिची वेणी दिसली, कोपराला चिकटलेली वाळू दिसली. आणि तिच्या पायांच्या लगेच मागे, वितीवर, मगर होती.

तोंड अर्धवट उघडं होतं. दात मोजता आले असते. मी पाहत होते तोवर तिने तोंड मिटलं, अंग उचललं आणि ती सरकत पुढे आली. माझ्या मुलीच्या दिशेने पुढे आली.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. नावाडी नंतर म्हणाला की मी नुसतं "उठ, उठ" म्हणत होते. मुलगी ताडकन उठून उभी राहिली, आणि त्याबरोबर सगळं बेट उडालं. सगळे पाणचिरे एकदम वर, कर्कश ओरडत, तिच्या डोक्यावरून घिरट्या घालत. ती मधोमध उभी, हात डोक्यावर धरलेले, माझ्याकडे बघत.

"मगर," मी नावाड्याला म्हटलं. "तिच्या मागे. चलो, जल्दी चलो."

त्याने वल्ह्याला हात घातला आणि मग थांबला. "कहाँ, मैडमजी?"

मी बोट दाखवलं. कॅमेरा खाली घेतल्यावर मला पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी दिसलं. मुलीच्या मागे वाळू होती, वाळूच्या मागे नदीची एक रुंद धार होती, आणि त्या धारेच्या पलीकडे, दुसऱ्याच काठावर, एक ओंडक्यासारखी काळी रेघ पाण्यात उतरत होती. मुलीपासून दोनशे मीटर तरी असेल.

"वो तो उस पार की है," नावाडी म्हणाला. "रोज़ वहीं बैठती है."

मी वीस वर्षं मुलांना समरूप त्रिकोण शिकवले आहेत. लांबची वस्तू लहान का दिसते, हे फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं असेल. एका सरळ रेषेत लांबून पाहिलं की मागचं आणि पुढचं एकमेकाला चिकटून दिसतं, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. त्या क्षणी मला फक्त दात दिसत होते.

बेटावर अजून गोंधळ चालू होता. ऊन चढायला लागलं होतं आणि अंडी उघडी पडली होती. दोन कावळे कुठून आले कळलं नाही. एक वाळूवर उतरला, उड्या मारत गेला आणि चोचीत काहीतरी घेऊन उडाला. मुलीने हात हलवले, एक पाऊल पुढे टाकलं आणि थबकली, कारण पुढे गेली असती तर पक्षी आणखी वेळ खाली उतरले नसते. ती उलट्या पावलांनी मागे आली. नावाड्याने नाव नेली. ती चढली, माझ्यासमोर बसली आणि बेटाकडे बघत राहिली.

पक्षी खाली बसेपर्यंत आम्ही लांब थांबलो. दहा मिनिटं झाली असतील.

घाटावर परतताना मी म्हटलं, "बेटा, मला खरंच वाटलं की..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने सुपरझूम मागून घेतला आणि मी काढलेले फोटो बघू लागली. ओरडण्याआधी माझ्या बोटाने बटण दाबलं गेलं होतं. तो फोटो तिने बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हसेल किंवा रागावेल. तिने पडदा माझ्यापुढे धरला. तीच वेणी, तेच पाय आणि मागे ते उघडं तोंड. मगर दोनशे मीटरवर होती हे माहीत असूनही मी पडदा बाजूला सारला.

"मैं भी चिल्लाती," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण आई, तू ओरडायच्या आधीच ते उठायला लागले होते. मी मोजत होते. कडेचे सहा पक्षी उभे राहिले होते. मी जास्त पुढे गेले होते."

ते खरं होतं की माझ्यासाठी म्हणत होती, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. कावळ्याचंही सांगितलं, लपवलं नाही. सर बरंच बोलले असावेत, कारण ती घरी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. त्यांनी ठरवून दिलं की यापुढे बेटावर पाय ठेवायचा नाही, जे काय काढायचं ते नावेतून. संध्याकाळी आम्ही दौलतगंजला गेलो. मिररलेस काचेवर होताच. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दुकानदारांना म्हणाली, "अंकल, छोटा वाला दे दीजिए. ट्रायपॉड के साथ."

"दाने आएँगे, बिटिया."

"आने दीजिए. नौ बजे तक रुक जाऊँगी, धूप में निकालूँगी. जितने पैर दिखेंगे, उतने सही."

मला जे हवं होतं तेच झालं होतं. दुकानातून बाहेर पडताना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हा कॅमेरा तिने माझ्या भीतीसाठी घेतला नव्हता, पक्ष्यांसाठी घेतला होता. आणि मी त्यातून पाहिलेलं विसरू शकत नव्हते.

मेमध्ये ती आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागली. मी सोबत गेले नाही. तिने बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. घाटावर फोन लागत नाही. पहिल्या दिवशी मी दहावीच्या उन्हाळी वर्गाला एकच उदाहरण दोनदा सोडवून दाखवलं, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने ते लक्षात आणून दिलं. अकराला फोन आला. तीन कड्यांचे नंबर मिळाले होते, आणि तिला भूक लागली होती.

मग ती फोटो पाठवायला लागली. नारिंगी चोच, वाळूच्याच रंगाचं पिल्लू, पाण्यावर ओढलेली रेघ. एकदा मगरीचा आला, तोंड उघडलेलं, डोळ्यातली बाहुली दिसेल इतका. मी शिक्षकांच्या खोलीत उभी होते, ती तशीच खुर्चीवर बसले. लगेच तिला लिहिलं: किती लांबून?

उत्तर दुपारी आलं. तीनशे मीटर, नावेतून.

तेव्हापासून मी न विचारता ती प्रत्येक फोटोखाली अंतर लिहिते. दीडशे. दोनशे दहा. नव्वद लिहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आकडा खरा की मला बरं वाटावं म्हणून लिहिलेला, हे ताडून पाहायचा माझ्याजवळ मार्ग नाही, कारण फोटोवरून मला अंतर कळत नाही. मी तो खरा धरते, आणि ती घरी येऊन जिन्यात चप्पल काढल्याचा आवाज येईपर्यंत माझा हात कुठल्याच कामाला लागत नाही.