सहा बंद पाकिटं

दिघे काकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. साल १९९०, आमच्या बँकेची पनवेल बाजारातली शाखा. माझ्या टेबलावर ‘इतर कामे’ अशी पाटी होती. ज्या कामाला कोणी वाली नाही ते रमाकडे, असा त्या पाटीचा अर्थ. परदेशी चेक त्यातच मोडत. ऐन मे महिन्यात लोकरी कोट घातलेला एक उंच माणूस समोर उभा राहिला आणि हातातली पावती माझ्यापुढे नाचवत म्हणाला, “बाई, हे दोनशे रुपये कसले कापलेत?”

मी सांगितलं. चेक इथून मुंबईला फोर्टच्या शाखेत जातो, तिथून लंडनला, लंडनहून पैसे फोर्टला, फोर्टहून पनवेलला. जो तो आपापलं कापून घेतो. सहा-सात आठवडे लागतात.

“मी कारखान्यात सव्वीस वर्षं लोखंड ओतलं. पैसे मी मिळवलेत. तुम्ही नुसतं पाकिटात घालून पाठवता.”

“मग तुम्हीच घेऊन जा लंडनला,” मी म्हणाले. मला राग लवकर येतो आणि तेव्हा तर मी तिशीतही नव्हते. काका माझ्याकडे बघतच राहिले आणि मग एकदम हसले. त्यानंतरची चार वर्षं दर सोमवारी ते माझ्या टेबलाशी येत राहिले.

कमलाकर दिघे मूळचे पनवेलचेच. त्रेसष्ट साली इंग्लंडला गेले आणि कॉव्हेंट्रीजवळच्या एका ओतशाळेत लागले. ओतशाळा बंद पडली, तेव्हा मालकांनी पेन्शन लावून दिली, तिचा चेक दर महिन्याला टपालाने येई. मुलगा निनाद तिकडेच नोकरीला, सून रुचिरा तिकडचीच, नात रेवा दोन वर्षांची. काकांना मात्र परत यायचं होतं. खांदा कॉलनीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. निघताना निनाद म्हणाला, “बाबा, सहा महिन्यांत मलाच पैसे पाठवायला लागतील.” काका म्हणाले, “तुझा एक पौंड घेतला तर नाव बदलेन.” हे मला त्यांनीच सांगितलं, एकदा नाही, वीसदा.

सुनीताकाकूंनी परत यायला एकाच अटीवर होकार दिला होता. दर दोन वर्षांनी रेवाला भेटायला जायचं. तिकिटाचे पैसे पेन्शनमधून काढायचे, आणि काकांचा सगळा जीव त्या तिकिटात अडकला होता. खांदा कॉलनीहून गावात ते पायी येत, हायवे ओलांडून, रिक्षाचे पैसे वाचवत. वाचलेले पैसे तिकिटाचे. चेकवरचं कमिशन वाचलं तर तेही तिकिटाचं. त्यांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्ची दिली तरी तिच्या पाठीला धरून उभे राहत, दोन मिनिटांनी दारापर्यंत जाऊन येत. “फोर्टला फोन करून पौंडाचा रेट विचारता का?” हा त्यांचा नमस्कार होता.

एका सोमवारी त्यांनी आमचं दरपत्रक मागून घेतलं आणि उभ्या उभ्याच वाचून काढलं. त्यांना एक कलम सापडलं. एका यादीत कितीही चेक पाठवले तरी आमचा किमान आकार एकदाच लागतो. मलाही ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून काका दर महिन्याला चेक भरेनासे झाले. पाकिटं घरी एका डब्यात ठेवायचे आणि पाच-सहा साठली की एकदम आणायचे. त्यात एक्क्याण्णवच्या जुलैत सरकारने रुपयाची किंमत उतरवली. काकांच्या डब्यात तेव्हा तीन चेक होते आणि पौंड एका आठवड्यात कुठल्या कुठे गेला. ते तीन चेक त्यांनी अशा थाटात माझ्यापुढे ठेवले की जणू रुपया त्यांनीच पाडला होता.

पाकिटं ते कधी घरी फोडत नसत. डबा घेऊन काकूंसह बँकेत येत आणि माझ्या टेबलावर काकू माझ्याच कात्रीने एकेक पाकीट कापत. मला हे नाटक वाटायचं. एकदा मी तसं बोललेही. तेव्हा काकू म्हणाल्या, “ओतशाळेत शुक्रवारी पगार पाकिटातून मिळायचा. बरेच पुरुष वाटेतच पाकीट फोडायचे आणि पबमध्ये शिरायचे. उरेल ते बायकोच्या हातावर. ह्यांनी सव्वीस वर्षांत एकही पाकीट फोडलं नाही. बंद आणून माझ्या हातात दिलं.” काका तोवर दारापाशी गेले होते.

ब्याण्णवमध्ये जायचं होतं, ते जमलं नाही. फ्लॅटची गळती निघाली, पैसे त्यात गेले. पण त्र्याण्णवच्या सुरुवातीला पत्र आलं की रुचिराला पुन्हा दिवस राहिलेत, डिसेंबरात बाळंतपण. सुनेची आई नाही. काकू डिसेंबरच्या आधी पोचायलाच हव्या होत्या. काकांनी मान डोलावली आणि डबा आणखी घट्ट धरला. आदल्या वर्षी पौंड पन्नासच्या वर गेला होता आणि मग घसरला होता. आता सत्तेचाळीसच्या आसपास घुटमळत होता. काकांनी ठरवलं की पन्नासला टेकल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

“काका, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला चाललाय,” मी म्हणायची. “भरून टाका.”

“दोन आठवडे थांबा, बाई.”

फेब्रुवारी गेला, एप्रिल गेला, जून गेला. ऑगस्टमध्ये पाकीटच आलं नाही. काका पोस्टात जाऊन पोस्टमनशी भांडून आले. सप्टेंबरातही आलं नाही. ते सोमवारचे आता बुधवारी आणि शुक्रवारीही यायला लागले. रेट विचारायचे, उत्तर ऐकायचे नाहीत.

मग एका शनिवारी, आमची अर्ध्या दिवसाची बँक नुकती उघडली होती, तेव्हा काकू एकट्या आत आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात उघडलेलं पत्र. मागून दहा पावलांवर काका. काकूंनी पत्र माझ्यासमोर ठेवलं. कारखान्याच्या पेन्शन फंडाचं होतं, श्रीमती सुनीता दिघे यांच्या नावे. आपल्या पतीच्या निधनाबद्दल आम्हाला खेद वाटतो. मृत्यूचा दाखला पाठवल्यास विधवेची निम्मी पेन्शन सुरू करता येईल.

“मी चहा गाळत होते,” काकू म्हणाल्या. “हे समोर बसून पोहे खात होते. आणि मी हे वाचलं.” “खालची सही बघितलीत? त्या बाईने सहानुभूती कळवली आहे मला.”

आमचा शिपाई तुळशीराम पाण्याचा ग्लास घेऊन आला होता. त्याला कोणीतरी मजकूर सांगितला. तो काकांकडे पाहून म्हणाला, “मॅडम, मेलेला मानूस खांदा कॉलनीतून चालत आलाय, आनी फंडाला पत्ता नाय.”

काकूंनी कात्री घेतली. सहा पाकिटं, फेब्रुवारी ते जुलै. पहिल्या दोन चेकांची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती. मी ते बाजूला काढले. तिसरं, चौथं ठीक. पाचव्यातून चेकसोबत एक पिवळा कागद पडला. हयातीचा दाखला. मी जिवंत आहे अशी सही करून, बँक मॅनेजरची साक्ष घेऊन, जुलैअखेर परत पाठवावा. चेकही वटत नाहीत, दाखलाही येत नाही, तेव्हा फंडाने जो काढायचा तो अर्थ काढला होता. पैसे त्यांच्याकडे सुरक्षित होते, पण माणूस जिवंत आहे हे ठरून नवे चेक निघायला डिसेंबर उजाडला असता. हातातले चार चेक वटायला नोव्हेंबर. त्यांत थकलेली बिलं भागली असती. तिकीट झालं नसतं.

काका पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

“मी पाकीट फोडलं नाही,” ते म्हणाले. “तू फोडशील म्हणून.”

“माहिती आहे मला,” काकू म्हणाल्या. “पण मी एवढी वर्षं वाट बघितली. रेवा मला विसरली. पत्रात आता नुसतं स्वतःचं नाव लिहिते, इंग्रजीत. तुम्ही पौंड मोजत बसलात. मला त्या बाळंतपणाला जायचंय.” आणि त्या माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या रडल्या. मलाही रडू आलं, आणि त्यांचा नव्हे, माझाच राग आला. सहा महिने मी थट्टा करत बसले होते. डबा हिसकावून घ्यायला हवा होता.

मॅनेजर साहेबांनी काकांकडे नीट बघून दाखल्यावर सही-शिक्का केला. काका म्हणाले, “बाई, समोरच्या फोनच्या बूथपर्यंत येता माझ्याबरोबर?” मला का नेलं, ते तेव्हा कळलं नाही. एकट्याने गेले असते तर परत फिरले असते, असं आता वाटतं.

काचेच्या खोलीत बिलाचे लाल आकडे पळत होते. काकू बाहेर बाकावर बसल्या. इंग्लंडात सकाळचे सात वाजत होते. काकांनी नंबर फिरवला, उचलला गेला, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आकडे पन्नासच्या पुढे गेले, ऐंशीच्या पुढे गेले. जन्मभर पैशापैशासाठी भांडलेला माणूस शेकडा उलटला तरी गप्प होता.

“निनाद,” शेवटी ते म्हणाले, “आईला तिकीट पाठव.” पलीकडून बरंच काही ऐकू आलं असावं. काका म्हणाले, “हो. तू म्हणाला होतास. तुझंच खरं झालं. पण जायचं तेवढंच पाठव. यायचं मी काढीन.”

नोव्हेंबरच्या दहा तारखेला काकू गेल्या. जाण्यापूर्वी मीच सुचवलं की काकूंचं तिकडचं जुनं पासबुक अजून चालू आहे, तेव्हा त्या तिकडे आहेत तोवर पेन्शन तिकडेच त्यांच्या खात्यात जाऊ दे. त्यातूनच परतीचं तिकीट निघेल. ना फोर्ट, ना टपाल, ना कमिशन. काका चार वर्षं जे शोधत होते ते हेच होतं. त्यांनी पत्रावर सही केली.

आणि तो हिवाळा त्यांनी कसा काढला ते मी पाहिलं. चार चेकांतून बिलं देऊन उरलं त्यात त्यांचं एकट्याचं भागत होतं. दर सोमवारी ते येत, पण विचारायला काही नव्हतं. डिसेंबरात नातू झाल्याचं सांगितलं, पेढे दिले, आणि दारापर्यंत तीनदा जाऊन आले. फेब्रुवारीत म्हणाले, “तिच्या खात्यात आता तिकिटाएवढे जमले असतील.” मार्चमध्ये तेच पुन्हा म्हणाले. “तिला तिकडे सगळं आहे, बाई. इथे काय आहे? गळका फ्लॅट आणि मी.” मी म्हटलं, काका, उगाच मनाचे खेळ नकोत. पण मलाही खात्री नव्हती. काकूंच्या जागी मी असते, तर आले असते का?

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्यांनी निळं हवाई पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. काकूंचं अक्षर. बंद होतं, आणि कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

“कधी आलं?”

“गुरुवारी.”

“काका, चार दिवस फोडलं नाहीत?”

“तुम्ही फोडा,” ते म्हणाले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

मी कात्रीने कापलं. आत बाळाविषयी पान भरून होतं, रेवा आता आज्जी म्हणते असं होतं. शेवटी चार ओळी. दहा एप्रिलला, रविवारी पहाटे सहार विमानतळावर पोचते. तिकीट तुमच्या पैशांतून काढलं आहे, निनादच्या नाही. कोट घालून येऊ नका, उकडेल. मी मोठ्याने वाचलं. काकांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

मग ते बसले. “फंडाला पत्र लिहा, बाई. पेन्शन परत पनवेलच्या पत्त्यावर पाठवा म्हणावं. चेकने.”

“काका, तिकडे फुकट जमा होतेय. इथे आणलीत तर आमचे दोनशे, लंडनचे वेगळे. सात आठवडे.”

“कापा की,” काका म्हणाले. “पाकीट फोडायला ती घरी असणार आहे.”