टेकडी नव्हे, पांढरीचे टेकाड

वामनराव बोरसे सरांची आणि माझी पहिली भेट कतारगाममधल्या त्यांच्या घरी झाली. पिशवीभर जुनी खापरे घेऊन मी मोठ्या ऐटीत गेलो होतो. सरांनी खापरांकडे पाहिलेसुद्धा नाही. कुठे सापडली, एवढेच विचारले. मी म्हणालो, नदीकाठी. त्यावर सर शांतपणे म्हणाले, नदीकाठ तर उगमापासून डुमसच्या समुद्रापर्यंत आहे, नेमके कुठे? माझी ऐट तिथेच उतरली. मग काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला म्हणून बरे.

खापर म्हणजे काय हे कोणीही सांगेल, पण माणसे इथेच का राहिली हे जमीन सांगते, असे सरांचे ठाम मत. म्हणून त्यांनी जुन्या वस्त्यांच्या जागा नोंदवणाऱ्या आम्हा सर्वेक्षकांसाठी भूरूपांच्या शब्दांची एक यादी केली. पूरमैदान, नदीची पायरी, खाडीकाठ, आणि पांढरीचे टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा. प्रत्येकापुढे अर्थ आणि हाताने काढलेले चित्र. स्थळाच्या नोंदपत्रकात गावकऱ्यांचा शब्द शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा लिहायचा, तो खोडायचा नाही. पण पहिल्या रकान्यातला शब्द सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरायचा. आम्ही कुरकुरलो, शब्दांचे एवढे काय घेऊन बसलात!

काय ते मला इच्छापोर गावाच्या पलीकडे कळले. मी वाढलो पर्वत पाटियात, जिथे पर्वत औषधालाही नाही. पुरुषभर उंचवटा दिसला की मला ती टेकडीच वाटायची. यादी न पाहता मी पत्रकात ‘टेकडी’ लिहिले आणि माझ्यावर विश्वासून सरांनी सही केली. पुढे भरावासाठी तिथली माती उचलायचे ठरले. पाहणीला आलेले अधिकारी टेकडी शोधत फिरले, ती काही दिसली नाही, आणि त्यांनी ‘स्थळ आढळले नाही’ असा शेरा मारला. खोदाईचे यंत्र येऊन उभे राहिले. रस्त्याकडची कड गेलीसुद्धा. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

सर भर उन्हात अधिकाऱ्यांना घेऊन तिथे गेले. कापलेल्या कडेत राखेचे, खापरांचे थर दाखवले. टेकडी निसर्ग घडवतो, हे टेकाड मात्र माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राहून वाढवले आहे, असे समजावले. चूक आपली, असे सांगितले. माझे नाव घेतले नाही. काम थांबले आणि उरलेले टेकाड वाचले.

नवे पत्रक सरांनी माझ्याकडूनच लिहून घेतले. भूरूप: खाडीलगतचे पूरमैदान, त्यावर पांढरीचे टेकाड. मी ते सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवले. सरांनी ते परत माझ्याकडे सारले आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, “चूकवर मनी सही व्हती. आते दुरुस्तीवर तुनी कर.”

मी सही केली. डोळे भरून आले होते, हे सांगायला लाज कसली?

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना त्या टेकाडाएवढे आयुष्य मागावे, तर ‘पुरावा काय?’ असे विचारतील. म्हणून शंभरच वर्षे मागतो, आणि तीही धडधाकट पायांनी चालत.