दूरचे आधी

सुपात अवरेकाळूचे पावटे, अर्धे सोललेले, अर्धे भिजून फुगलेले. ते तसेच टाकून सकवारबाई उठल्या आणि ओले हात पदराला पुसत रेडिओपुढं बसल्या.

"अगं, तिन्हीसांजेची त्या डब्यापुढं कसली बसतेस? दिवा कोण लावणार?" देवघरातून सासूबाई ठकुबाई कडाडल्या.

"आजच्या दिवस तुम्ही लावा, आत्याबाई. स्वल्प वेळच मिळतो हो."

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या घरात पंचवीस वर्षं सांजेचा दिवा सकवारबाईंच्याच हातचा. पण शहाण्णवच्या जानेवारीतली ही सांज शेवटची होती. एकुलता लेक यशोवर्धन हौशी रेडिओवाल्यांच्या तुकडीबरोबर लक्षद्वीपच्या एका बेटावर गेलेला. उद्या तंबू उठणार, आणि तो कोचीहून परस्पर जहाजावर नोकरीला चढणार, वर्षभरासाठी. बेटावर फोन नाही. निघताना पाया पडून म्हणाला होता, "आई, रेडिओवर एकदा तरी गाठतोच तुला."

दहा दिवस झाले, गाठलं नव्हतं. का, ते त्यांना ठाऊक होतं. रेडिओलहरींचा खालचा पट्टा उघडतो दिवेलागणीला, आणि यशोवर्धनची पाळी नेमकी तेव्हाच. इथं सूर्य बुडतो, अमेरिकेत उगवतो, तेवढी अर्धी घटका तिकडचा क्षीण आवाज पोचतो. त्या वेळेत दूरचे आधी, जवळच्यांनी गप्प राहायचं. नवरा गेल्यावरही रेडिओचा परवाना राखलेल्या याच बाईनं लेकाला पातेल्यावर पळी वाजवून मोर्स शिकवला होता, आणि हा नियमही.

कानात टिकटिक आली. त्याचाच हात! शेवटची रेघ किंचित लांबवायची खोड.

"फक्त अमेरिका. भारत, थांबा."

त्या थांबल्या. एक अमेरिकन झाला, दोन झाले, चार झाले. मग देवाचं नाव घेऊन त्यांनी आपलं संकेतनाम एकदाच वाजवलं.

पलीकडचा हात अडखळला. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून उत्तर आलं, "थांबा." आणि त्यानं कुणा कण्हत्या अमेरिकन स्टेशनाला उचललं.

अमेरिका विरली, जपानची स्टेशनं उसळली, तोवर बेटावरची पाळी बदलली. आता तिथं दुसऱ्याच कुणाचा हात होता.

"बोलला का गं?" ठकुबाईंनी विचारलं.

"थांब म्हणाला."

"सख्ख्या आईला? काय कार्टं आहे!"

"रांग मी मोडली, आत्याबाई. त्यानं नाही मोडली." त्यांनी चष्मा पुसला. "पण ओळखलं हो मला. हात अडखळला ना त्याचा."

सकाळी पोस्टात जायचं, कोचीच्या पत्त्यावर तार करायला: 'बरोबर केलंस. दूरचे आधी.'